तारखेप्रमाणे स्तोत्रं

आमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रार्थना म्हणजे आपल्या शब्दांत, मनातून सुचेल तशी केलेली प्रार्थना. शब्बाथशाळेतच, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या शाळेतच, ते अंगी बाणवलं जातं: डोळे मिट, हात जोड आणि प्रभूशी बोल. पुस्तकातून वाचलेली किंवा पाठ म्हटलेली प्रार्थना आमच्याकडे जरा दुय्यम मानतात. 'पाठ प्रार्थनेत आत्मा नसतो' हे वाक्य मी कितीतरी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलं आहे. माझे आजोबा नगर जिल्ह्यातून गिरणीत कामाला मुंबईत आले. मी भायखळ्यात वाढले, लग्न होऊन विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आले. दोन्हीकडे कुणाचा वाढदिवस असो, नव्या घराचं समर्पण असो की आजारपण, लोक मला म्हणत, 'ताई, तुम्ही प्रार्थनेत चालवा.'

मला ते जमायचं, आजही जमतं, आणि त्या प्रकारच्या प्रार्थनेबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण एक काळ असा आला की माझे शब्द पुरेनात. त्या काळात मला देवासमोर उभं राहायला बळ दिलं ते दुसऱ्यांनी आधी म्हणून ठेवलेल्या शब्दांनी, म्हणजे बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांच्या स्तोत्रसंहितेने.

आईला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. रुग्णालयातून मी तिला माझ्याकडे आणलं. आमचं घर एक खोली आणि स्वयंपाकघराचं. बाहेरच्या खोलीत तिची खाट टाकली. मंडळीतली माणसं फार प्रेमाने भेटायला येत. खाटेभोवती उभं राहून मोठ्याने प्रार्थना करत: प्रभू, हिला उठव, चालव, बोलव. आई डोळे मिटून ऐकायची. ती माणसं निघून गेली की घरात मी, नवरा, मुलगा आणि आई, आणि माझ्याकडे म्हणायला काही उरलेलं नसायचं. 'तिला बरं कर' हे म्हणून झालेलं होतं. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हे म्हणायला जीभ वळत नव्हती. मला राग आलेला होता, भीती वाटत होती, झोप अपुरी होती, आणि या तिन्हींना आमच्या नेहमीच्या प्रार्थनेच्या भाषेत जागाच नव्हती. तिथे आभार होते, मागणं होतं, स्तुती होती. तक्रार नव्हती.

अशात एका संध्याकाळी आमचे निवृत्त पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, आले. वय झालेलं, काठी टेकत जिना चढून आले. त्यांनी चहा घेतला, आईचा हात धरून थोडा वेळ नुसते बसले. मग तिच्या उशाजवळचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून 13वं स्तोत्र वाचलं. छोटंसं आहे ते. पहिल्या दोन वचनांत देवाला एकच प्रश्न चार वेळा विचारलाय: कुठवर? कुठवर मला विसरणार, कुठवर तोंड लपवणार? वाचून झाल्यावर ते थांबले आणि प्रभूची प्रार्थना म्हणू लागले. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणताना मीही साथ दिली. आणि 'आमची रोजची भाकर'च्या आसपास मला तिसरा आवाज ऐकू आला. आई म्हणत होती. अडखळत, पण स्पष्ट शब्दांत, 'आमेन'पर्यंत.

झटका आल्यापासून 'हो' आणि 'नाही' यांपलीकडे तिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता.

मी पाळकसाहेबांकडे पाहिलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण नवल नव्हतं. 'ताई, हे मी आधीही पाहिलंय,' एवढंच म्हणाले. नंतर वाचा-उपचार करणाऱ्या बाईंना मी विचारलं. त्यांनी समजावलं: मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की नवीन वाक्य जुळवण्याची शक्ती जाऊ शकते, पण लहानपणापासून घोटून घोटून पाठ झालेलं, म्हणजे आकडे, वारांची नावं, गाणी, प्रार्थना, ते बऱ्याच रुग्णांत शाबूत राहतं, त्याचा मार्ग वेगळा असतो. त्यांच्या दृष्टीने ही नेहमीची गोष्ट होती. माझ्यासाठी नव्हती. जिला आम्ही 'पाठ' म्हणून कमी लेखत आलो, तीच प्रार्थना माझ्या आईजवळ उरली होती. बाकी सगळे शब्द गेले आणि नगरच्या शब्बाथशाळेत सहा-सात वर्षांची असताना शिकलेले शब्द राहिले.

पुढच्या भेटीत पाळकसाहेबांनी एक कागद आणला. त्यावर त्यांच्या हाताने 1 ते 30 तारखा लिहिल्या होत्या आणि प्रत्येक तारखेसमोर सकाळची आणि संध्याकाळची स्तोत्रं. 1 तारखेला सकाळी पहिली पाच, संध्याकाळी 6 ते 8; दुसऱ्या दिवशी सकाळी 9 ते 11; असं करत 30 तारखेच्या संध्याकाळी 147 ते 150. ही मांडणी त्यांची नव्हे. इंग्लंडमध्ये आर्चबिशप थॉमस क्रॅनमर यांनी 1549 च्या प्रार्थनापुस्तकात ती घातली, आणि अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, उपासनेतून ती पुढे जगभर गेली. त्याच्याही आधी, सहाव्या शतकात, संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांना दीडशेच्या दीडशे स्तोत्रं आठवड्यात म्हणायला सांगितली होती. महिन्याचा हिशोब हा संसारी माणसांसाठी केलेला सैल हिशोब.

'आणि एखादा दिवस चुकला तर?' मी विचारलं.

'चुकलेलं भरून काढायचं नाही. आज जी तारीख आहे, तिथे जायचं. देव मागची थकबाकी विचारत नाही.'

या एका सूचनेमुळे माझं टिकलं. शास्त्रवाचनाच्या वार्षिक योजना मी पूर्वी पुष्कळदा हाती घेतल्या होत्या. दोन आठवडे मागे पडलं की तो ढीग पाहूनच मन हटायचं. इथे ढीग साचतच नाही. आईची रात्र वाईट गेली आणि सकाळ हातची गेली, तरी संध्याकाळ आपली जागेवर असते. 31 तारीख आली तर 30 तारखेचीच पुन्हा म्हणायची.

वेळ सापडली ती पाण्यामुळे. आमच्याकडे पहाटे पाणी येतं. ड्रम भरेपर्यंत कुणीतरी जागं राहावंच लागतं. त्या वेळात मी स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभी राहून सकाळची स्तोत्रं म्हणू लागले. 'आपल्या खोलीत जा, दार लावून घे आणि गुप्त असलेल्या आपल्या पित्याची प्रार्थना कर' असं बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आहे. मुंबईतल्या आमच्यासारख्या घरांत दार लावून घ्यायची खोली कुठली? मला या वचनाची पूर्वी खंत वाटायची. आता वाटत नाही. अख्खी चाळ झोपलेली असताना नळाच्या आवाजाखाली माझा आवाज कुणाला ऐकू जात नाही, तेवढं दार मला पुरतं.

म्हणायचं मोठ्याने, पण हळू. हे पाळकसाहेबांनी बजावलं होतं. नुसत्या डोळ्यांनी वाचलं तर मिनिटभरात संपतं आणि काहीच लागत नाही. स्तोत्राच्या बहुतेक वचनांचे दोन भाग असतात. दुसरा भाग पहिल्याचंच म्हणणं वेगळ्या शब्दांत पुन्हा मांडतो किंवा थोडं पुढे नेतो. हिब्रू कवितेची घडणच तशी. त्या दोन भागांच्या मध्ये एक श्वास घ्यायचा. जात्यावरच्या ओवीत जशी ओळ टाकून हात फिरतो आणि मग पुढची ओळ येते, तसं. या श्वासाने माझी प्रार्थना बदलली असं मी सांगितलं तर कुणाला ते लहान वाटेल, पण खरं आहे. घाई तिथे मोडते. आधी म्हटलेलं कानावर पडतं. कधीकधी त्या फटीत मनातलं काहीतरी वर येतं, आईच्या पाठीला पडलेली जखम, मुलाची फी, आणि मग पुढचा अर्धा भाग त्या गोष्टीवरच बोलतो.

मन भरकटतं, अर्थातच. मी पाळकसाहेबांना तेही विचारलं. ते म्हणाले, 'जिथे भरकटलं, त्या गोष्टीचं नाव घेऊन देवाला सांगा आणि परत वचनावर या. त्याच्याशी भांडत बसू नका.' मी तसंच करते.

17 तारीख मला लवकरच महत्त्वाची झाली. त्या सकाळी 86, 87 आणि 88 ही स्तोत्रं येतात. 88वं हे सबंध संहितेतलं सर्वांत काळं स्तोत्र. तक्रारीची बाकीची स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, 'तरी मी तुझ्यावर भरवसा ठेवीन' असं म्हणतात. 13वंसुद्धा गाण्यावर संपतं. 88 वळत नाही. अंधारावरच संपतं. पहिल्यांदा ते म्हटलं तेव्हा मी पुढचं पान उलटून पाहिलं, काही राहिलंय का म्हणून. राहिलं नव्हतं. आणि मला फार बरं वाटलं. पवित्र शास्त्रात, देवाचं वचन म्हणून, एक प्रार्थना अशी ठेवली आहे जिच्यात आशेचं वाक्य शेवटी जोडलेलं नाही. म्हणजे मी जेव्हा तशीच संपते, तेव्हाही मी प्रार्थनेच्या बाहेर गेलेली नसते. त्या दिवसापासून 'विश्वास कमी पडतोय' ही बोच माझ्या मनातून गेली.

शापाच्या स्तोत्रांचं मात्र वेगळं. 109 घ्या, किंवा 137चं शेवटचं वचन. शत्रूचं वाटोळं होवो, त्याची मुलं पोरकी होवोत. हे ख्रिस्ती माणसाने कसं म्हणायचं? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे कॅथलिक धर्माधिकाऱ्यांच्या मोठ्या सभेनंतर, रोमन कॅथलिक मंडळीने दैनिक प्रार्थनाग्रंथ नव्याने तयार केला, तेव्हा 58, 83 आणि 109 ही तीन स्तोत्रं त्यातून वगळली, इतका तो प्रश्न खरा आहे. मी मात्र ती गाळत नाही. त्याचं कारण सांगते. आईसाठी आम्ही एका संस्थेकडून रात्रीची बाई मागवली होती. आगाऊ पैसे घेतले, बाई चार रात्री आली, पुढे फोन उचलेनात. पैशांपेक्षा त्या रात्रींचा संताप होता. तो संताप मी नवऱ्यावर काढत होते, मुलावर काढत होते. 22 तारखेच्या संध्याकाळी 109 आलं आणि मी ते त्या संस्थेच्या माणसाचं नाव मनात धरून अथपासून इतिपर्यंत म्हटलं. इतके भयंकर शब्द मी स्वतःहून कधीच देवासमोर काढले नसते. ते शास्त्राने माझ्या तोंडात घातले, आणि राग जिथे न्यायला हवा होता तिथे नेऊन ठेवला. न्याय करणारा तो आहे. मी हात मोकळे करून उठले. पुढे पुष्कळ महिने तेच नाव मी 109 म्हणताना घेत राहिले आणि मग एकदा ते मध्यस्थीच्या, म्हणजे दुसऱ्यांसाठी करायच्या, प्रार्थनेत, आपोआप, इतरांच्या नावांसोबत आलं. प्रभूने वैऱ्यांसाठी प्रार्थना करा म्हटलंय. मला वाटतं, वैरी आहे हे आधी देवापाशी कबूल केल्याशिवाय त्याच्यासाठी केलेली प्रार्थना पोकळच असते.

मध्यस्थीची प्रार्थना माझ्या वाट्याला गाडीत आली. विक्रोळीला धीमीच लोकल थांबते. सकाळी चढायला मिळालं तरी बसायला मिळत नाही, पुस्तक उघडण्याचा प्रश्नच नाही. म्हणून सकाळच्या स्तोत्रांतलं एक वचन मी सोबत नेते आणि ते स्टेशनांवर म्हणत जाते. कुर्ल्याला माझी नणंद राहते, तिच्या घरासाठी. परळला केईएम, टाटा, वाडिया, एवढी रुग्णालयं एका परिसरात. तिथे पुलावर हातात एक्स-रेची मोठी पाकिटं घेतलेली माणसं दिसतात, त्यांच्यासाठी. भायखळ्याला महिलांचा तुरुंग आहे. त्याच्या भिंतीजवळून मी लहानपणी शाळेत जायचे, आतल्या बायकांचा विचार तेव्हा कधी केला नव्हता. मस्जिदला हातगाड्या ओढणाऱ्यांसाठी. 'प्रभू, सर्वांना आशीर्वाद दे' असं मी पूर्वी म्हणायचे, त्यात कुणाचाच चेहरा नसायचा.

आमच्या डब्यात एक बाई रोज हरिपाठ म्हणतात. हातात छोटं पुस्तक असतं, पण नजर खिडकीबाहेर. सगळं पाठच आहे. एकदा त्यांनी मला पुटपुटताना पाहून विचारलं, 'तुमचं काय असतं हो?' मी स्तोत्रांबद्दल सांगितलं. 'म्हणजे तुमच्यातही रोज म्हणायचं असतं,' त्या म्हणाल्या आणि सरकून मला टेकायला जागा केली. ना. वा. टिळकांनी शंभर वर्षांपूर्वी ख्रिस्ताची भजनं याच मातीच्या चालीवर रचली, ती आम्ही मंडळीत टाळ घेऊन गातो. तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो असं ते म्हणत. रोज उठून ठरलेले शब्द म्हणण्याची रीत मराठी माणसाला परकी नाही. आमच्याच भक्तीतून ती कुठेतरी मागे पडली होती.

संध्याकाळचा भाग माझ्या ऑफिसातल्या वसईच्या मैत्रिणीमुळे जुळला. ती कॅथलिक आहे, बुधवारी जमेल तेव्हा माहीमच्या चर्चमधल्या नोव्हेना प्रार्थनेला जाते. तिने मला दिवसाचं परीक्षण शिकवलं, जे सोळाव्या शतकात संत इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलं: आधी आभार, मग प्रकाश मागायचा, मग सकाळपासूनचा दिवस डोळ्यांसमोरून न्यायचा, जिथे चुकलं तिथे क्षमा, आणि उद्यासाठी कृपा. 'अगं, पापांची यादी नाही करायची नुसती,' ती म्हणाली, 'देव कुठे भेटला ते पण बघायचं.' मी ते संध्याकाळच्या स्तोत्रांच्या आधी करते. दिवस पाहून झाला की स्तोत्रांत त्याचे धागे सापडतात. आमचं ऑफिस फोर्टात आहे, त्यामुळे दुपारच्या सुट्टीत कधीकधी सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये जाऊन बसते. 1718 मध्ये ते उपासनेसाठी उघडलं. चर्चगेट हे नाव ज्या दरवाजामुळे पडलं, तो किल्ल्याचा दरवाजा याच चर्चकडे जाणारा. तिथे मी काहीच म्हणत नाही. सकाळी इतके शब्द म्हटल्यावर दुपारची शांतता जड वाटत नाही. पूर्वी पाच मिनिटंही गप्प बसवत नसे.

आईपाशी मी रोज रात्री एक स्तोत्र म्हणायचे. 23वं ती माझ्याबरोबर पूर्ण म्हणायची. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' एवढं सुरू करून दिलं की पुढे तिला धरून ठेवावं लागत नसे. इतर स्तोत्रांत मध्येच एखादा शब्द उचलायची. 27 तारखेला रात्री 131वं यायचं, तीन वचनांचं: अंगावरचं दूध सुटलेलं मूल आईजवळ जसं निवांत असतं तसा माझा जीव निवांत आहे. तेव्हा मी तिला भरवत होते, तिचे केस विंचरत होते. ती डावा हात माझ्या डोक्यावर ठेवायची. आमच्यात मूल कोण आणि आई कोण, हे त्या स्तोत्रात दोन्हीकडून खरं होतं.

ती गेली ती पावसाळ्यात. शिवडीच्या दफनभूमीत पाळकांनी विधी केल्यावर कुणीतरी सवयीने म्हणालं, 'ताई, तुम्ही चालवा.' मी 23वं स्तोत्र सुरू केलं आणि जमलेल्या सगळ्यांनी ते पाठ म्हटलं, छत्र्यांखाली, एका आवाजात. मला एकही शब्द शोधावा लागला नाही.

आता आमच्या महिला मंडळात दर बैठकीच्या सुरुवातीला त्या तारखेची स्तोत्रं आम्ही आळीपाळीने म्हणतो. सुरुवातीला एका मावशींनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, मनातलं सोडून पुस्तकातलं का वाचायचं? मी म्हटलं, 'मावशी, प्रभूने वधस्तंभावर काय म्हटलं? "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" हे 22व्या स्तोत्राचं पहिलं वचन. "मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो" हे 31व्यातलं. अखेरच्या घटकेलाही त्याने लहानपणी शिकलेलेच शब्द घेतले.' मावशी काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या बैठकीला आपला चष्मा घेऊन आल्या आणि 22वं मीच वाचणार म्हणाल्या. स्तोत्रं झाली की आम्ही पूर्वीसारखीच आपापल्या शब्दांत प्रार्थना करतो, आणि मला जाणवतं की त्या प्रार्थनाही बदलल्या आहेत. कुणी आता 'मला राग आलाय, प्रभू' असं सरळ म्हणते. एकीने मुलाच्या दारूबद्दल पहिल्यांदाच तोंड उघडलं, तेही 'कुठवर' या शब्दापासून सुरुवात करून.

ज्यांना हे करून पाहायचं असेल त्यांना मी 1 तारखेची वाट पाहू नका असं सांगते. आज जी तारीख आहे तिथून सुरू करा. दोन्ही वेळा झेपत नसेल तर फक्त सकाळ, तीही जड वाटली तर त्या भागातलं एकच स्तोत्र. 24 तारखेच्या संध्याकाळपासून 26 पर्यंत 119वं स्तोत्र चालतं, 176 वचनं, आठ-आठ वचनांचे 22 तुकडे. ते एकसुरी वाटू शकतं, तेव्हा दर वेळी एकच तुकडा घेतला तरी चालेल. आणि 15 तारखेच्या संध्याकाळी एकटं 78वं असतं, 72 वचनांचं, इस्राएलाचा इतिहास सांगणारं. त्या दिवशी स्वयंपाक आधी उरकून घ्या.